डिस्चार्जच्या वेळी दहा गोळ्या समजावायच्या कशा?

प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी. नर्सिंग झालं, फार्माकॉलॉजीत मार्क चांगले पडले, आता नाशिकमध्येच मेडिसिन वॉर्डात पहिली नोकरी. डिस्चार्जच्या वेळी नातेवाईक बिलाच्या घाईत, हातात दहा-बारा औषधांची पिशवी, आणि समजावायला जेमतेम पाच मिनिटं. सगळं सांगावं तर पेशंटच्या डोक्यावरून जातं. साइड इफेक्ट सांगावेत तर घाबरून गोळ्याच बंद करतात. न सांगावं तर महिन्याभरात तोच पेशंट परत दाखल. मग काय सांगायचं आणि काय सोडायचं?

वॉर्डातल्या नव्या मुलींशी मी अगं-तुगंच बोलते, तुझ्याशीही तसंच बोलते. राग मानू नकोस.

आधी त्या पाच मिनिटांचा नाद सोड. डिस्चार्जची वेळ शिकवायची नसतेच. पेशंटचं सगळं लक्ष बिल किती झालं, पेठची एसटी मिळेल की नाही, रिक्षावाला थांबलाय का, याच्याकडे. तेव्हा तू सोन्यासारखं बोललीस तरी ते वाऱ्यावर जातं. शिकवायची खरी वेळ म्हणजे ड्रग राउंड, म्हणजे पलंगापलंगाशी जाऊन गोळ्या द्यायची फेरी. गोळी हातावर ठेवताना त्या गोळीबद्दल एकच वाक्य बोलायचं. 'बाबा, ही लघवी वाढवणारी, म्हणून सकाळीच देतेय. घरी रात्री घेतलीत तर झोपेचं खोबरं होईल.' एवढंच. दुसऱ्या दिवशी तीच गोळी देताना आपण सांगायचं नाही, विचारायचं: 'ही कशाची सांगा बरं?' चार दिवस दाखल असलेल्या पेशंटच्या हातावर तीच गोळी चार वेळा तरी पडते. म्हणजे चार धडे फुकटात झाले, आणि ड्युटीचा वेळही वाढला नाही. डिस्चार्जच्या दिवशी फक्त उजळणी उरते.

आता काय सांगायचं ते. पुस्तकात औषधाचा क्रम ठरलेला असतो: गट, कार्य कसं करतं, कशासाठी, मात्रा, दुष्परिणाम, नर्सची जबाबदारी. पेशंटचा क्रम वेगळा. ही कशाची? केव्हा घ्यायची? घेतल्यावर मला काय वाटेल, काय दिसेल? चुकली तर काय? आणि कशाला घाबरून धावत यायचं? या पाच प्रश्नांपैकी कुठल्या औषधात कुठला महत्त्वाचा, हे निवडायला फार्माकॉलॉजी लागते. औषध शरीरात नेमकं काय करतं हे जिला कळलंय ती दोन वाक्यांत काम भागवते. जिने दुष्परिणामांची यादी पाठ केलीय ती पंधरा सांगते, आणि पेशंटला एकही आठवत नाही.

एक उदाहरण देते. साखर उतरली की तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग काहीतरी खा, हे आपण सगळ्यांनाच सांगतो. पण मधुमेहाच्या कितीतरी जोडगोळ्यांत व्होग्लिबोज असतं. ते आतड्यात साखरेचं विघटन करणारी एन्झाइम्स अडवतं. म्हणजे घरची साखर पोटात गेली तरी तिचं ग्लुकोज व्हायला वेळ लागतो. त्याच जोडगोळीत ग्लिमेपिराइड, म्हणजे शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारं औषध, असेल तर साखर उतरण्याची भीती खरी, आणि उतरल्यावर आपण सांगितलेला उपाय नेमका तिथेच लंगडा. अशा पेशंटच्या खिशात ग्लुकोज पावडरची पुडी हवी. आता हे व्होग्लिबोजचा गट, 'अल्फा ग्लुकोसिडेज इनहिबिटर', या तीन शब्दांच्या पलीकडे जाऊन ज्या मुलीने समजून घेतलं असेल तिलाच सुचणार. तसंच मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी, चालू असेल तर साखर उतरल्याची धडधड, थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. म्हणून त्या पेशंटला 'छातीत धडधडलं की' असं सांगून उपयोग नाही. 'दरदरून घाम सुटला की साखर तपासा' असं सांगायचं.

ज्या औषधात सगळ्यात जास्त वेळ घालवावा असं मला वाटतं ते म्हणजे रक्त पातळ करायची गोळी. आपल्याकडे हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेल्या पेशंटला बहुतेक वेळा ॲसिट्रोम किंवा वॉरफॅरिन असतं. यकृतात रक्त गोठवणारे काही घटक व्हिटॅमिन के वापरून तयार होतात. ही गोळी त्या व्हिटॅमिनचं पुन्हा वापरात येणं थांबवते. आधीपासून रक्तात असलेले घटक संपायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून आजच्या चुकीचा परिणाम आज दिसत नाही. पेशंट इथेच फसतो. एक दिवस गोळी राहिली, काहीच झालं नाही, म्हणजे नाही घेतली तरी चालतं, असा हिशेब तो मनाशी मांडतो.

असं विचारून बघ:

'काका, घरी गेल्यावर काकू विचारतील, ही कशाची गोळी. काय सांगाल?'

'रक्त पातळ करायची.'

'बरोबर. आणि एखाद्या संध्याकाळी विसरलात तर?'

'दुसऱ्या दिवशी दोन घेऊन टाकीन.'

बघ, हे उत्तर 'समजलं ना काका?' असं विचारून कधीच बाहेर आलं नसतं. 'समजलं ना' ला आपल्याकडे उत्तर एकच, 'हो सिस्टर.' सिस्टरला नाही कसं म्हणायचं! म्हणून तो प्रश्न आजपासून बंद कर. काकांना सांगायचं की त्याच रात्री आठवली तर घ्या, दुसरा दिवस उजाडला तर ती गेली, पुढची नेहमीएवढीच, दोन कधीही नाही. आणि कुठल्या तारखेला राहिली ते वहीत लिहून ठेवा, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, बघताना डॉक्टरांना दाखवा.

या गोळीत पथ्याचा प्रश्न हमखास येतो. 'पालेभाजी बंद करा' हे वॉर्डातलं ठरलेलं उत्तर मला पटत नाही. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं हे खरं, पण डॉक्टर मात्रा ठरवतात ती पेशंटच्या नेहमीच्या खाण्यावर. गडबड होते ती खाणं अचानक बदललं की. नाशिकला थंडीत मेथी, पालक, कोथिंबिरीच्या जुड्या स्वस्त होतात, घरोघरी रोज पालेभाजी शिजते. तेव्हा आयएनआर उतरू शकतो. उलट आजारपणात जेवण तुटलं की चढू शकतो. म्हणून 'नेहमी खाता तेवढीच खा, एकदम वाढवू नका, एकदम सोडू नका' एवढं पुरे. पथ्य विचारणारा पेशंट हा आपल्यासाठी दार उघडून बसलेला असतो. दुष्परिणाम म्हटलं की तो घाबरतो, पथ्य म्हटलं की कान देतो. त्यामुळे मी कितीतरी इशारे पथ्यातच घालते: 'या गोळीचं पथ्य म्हणजे मेडिकलमधून अंगदुखीची गोळी परस्पर आणायची नाही.' डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन आणि ही गोळी एकत्र म्हणजे पोटात रक्तस्रावाला आमंत्रण. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे दिवसभर बागेत राबलेला माणूस संध्याकाळी अंगदुखीची गोळी घेतोच. त्याला ते औषध वाटतच नाही, चहासारखं वाटतं. म्हणून 'आणखी काही औषधं घेता का?' ला तो 'नाही' म्हणतो. विचारायचं असं: 'अंग दुखलं की काय घेता? झोप नाही आली की? पोट साफ नाही झालं की?' मग पिशवीतून खरं बाहेर येतं. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल घेतलं तरी रक्त जास्त पातळ होतं, म्हणून दात काढायला जा नाहीतर तापाला दाखवायला जा, आधी या गोळीचं नाव सांगायचं, हे पथ्य क्रमांक दोन. डांबरासारखी काळी शी, लघवीतून रक्त, डोक्याला मार, यापैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

इन्सुलिन. इथे मी कुणावरही विश्वास ठेवत नाही, शिकलेल्या मुलावरसुद्धा नाही. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक 1 मिलिलीटरमध्ये 40 युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिन टोचायच्या पेनमधल्या कार्ट्रिजमध्ये 1 मिलिलीटरला 100 युनिट, आणि 100 च्या सिरिंजचं टोपण केशरी. मेडिकलवाल्याकडे लाल संपली की तो केशरी देतो, 'सारखीच आहे' म्हणतो. 40 च्या बाटलीतून केशरी सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत औषध ओढलं की पोटात जातात फक्त 8 युनिट. साखर 400 वर का, याचा शोध मग सगळे जेवणाच्या ताटात घेत बसतात. उलटं त्याहून वाईट. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने 20 ची रेघ भरली, तर शरीरात 50 युनिट गेले. म्हणून इन्सुलिनच्या पेशंटला तोंडी सांगून सोडू नकोस. त्याच्याच पिशवीतली सिरिंज, त्याचीच बाटली, टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा दोन्ही त्याला बोट ठेवून वाचायला लाव. मग पाण्याने नाही, खऱ्या डोसच्या वेळी त्याच्या हाताने भरून घे. त्याचा हात बघितल्याशिवाय काही कळत नाही: कुणाला रेघ दिसत नाही, कुणाचा अंगठा थरथरतो, कुणी हवेचा बुडबुडा तसाच ठेवतो. रेघ दिसत नसेल तर सुनेला किंवा नातवाला बोलाव.

30/70 चं, म्हणजे लवकर आणि सावकाश काम करणारं असं मिश्र इन्सुलिन तळाशी बसतं, ते तळव्यात हलके दहा वेळा घोळवायचं आणि दहा वेळा वर-खाली करायचं, दुधासारखं एकसारखं दिसेपर्यंत. खळाखळा हलवायचं नाही. सुई रोज त्याच जागी टोचणाऱ्यांची कातडी गाठाळते आणि औषध नीट शोषलं जात नाही. पोटाला हात लावून बघ, गाठ बोटाला लागते. पेशंट तीच जागा पसंत करतो, कारण तिथे दुखत नाही.

ठेवायचं कुठे? फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही आणि त्याला चिकटूनही नाही. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नाही. सुरगाणा-पेठच्या पाड्यावर फ्रिज नसतो, तिथे माठ चालतो: बाटली प्लास्टिकच्या डबीत, डबी छोट्या मडक्यात, ते मडकं ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात, सावलीला. चालू बाटली साधारण 28 दिवस. उघडल्याची तारीख तिथल्या तिथे बाटलीवर पेनाने टाकून दे.

आता साइड इफेक्टने घाबरणारे पेशंट. मी दुष्परिणामांच्या दोन राशी करते. एक, दिसेल पण निरुपद्रवी. ही रास आधीच सांगून टाकायची, कारण न सांगता दिसली की पेशंट गोळी बंद करतो. टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते. लोहाच्या गोळीने शी काळी होते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने सुरुवातीचे दिवस पोट बिघडतं, जेवणासोबत घेतलं तर कमी. दुसरी रास, क्वचित होणारं पण धोक्याचं. यातलं एक, फार तर दोन, आणि प्रत्येकासोबत काय करायचं ते. टीबीच्या पेशंटला 'डोळे पिवळे झाले, जेवण जाईना, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी या' आणि 'दिसायला अंधुक वाटलं, रंग कळेनासे झाले तर सांगा'. यकृत आणि डोळ्याची नस, बास. आणि हो, रिफाम्पिसिनने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे बाईला एकटीला बाजूला घेऊन सांगायचं, सासूसमोर नाही.

मधल्या काही गोष्टी असतात, त्रासाच्या पण धोक्याच्या नाहीत. बीपीच्या गोळ्याच घे: एनालाप्रिल-रॅमिप्रिलचा कोरडा खोकला, ॲम्लोडिपिनने पायावर येणारी सूज. इथे वाक्य ठरलेलं: 'असं झालं तर सांगा, डॉक्टर दुसरी गोळी देतील. मनाने बंद करू नका.' दुसरी गोळी मिळते हे ऐकलं की माणूस निम्मा शांत होतो. रॅमिप्रिलवाल्याचे ओठ किंवा जीभ सुजली तर मात्र ते पहिल्या दर्जाचं संकट, लगेच कॅज्युअल्टी.

'गोळ्या गरम पडतात' हे तू रोज ऐकशील. हसू नकोस, वादही घालू नकोस. विचार, 'गरम पडते म्हणजे नेमकं काय होतं?' कुणी सांगेल छातीत जळजळतं, कुणी तोंड येतं म्हणेल, कुणी अंगावर पुरळ दाखवेल. जळजळ असेल तर रिकाम्या पोटी घेतोय का ते बघ. पुरळ असेल तर डॉक्टरांना लगेच दाखव, ती ॲलर्जी असू शकते. त्या एका तक्रारीमागे तीन वेगळी निदानं लपलेली असतात.

वेळा सांगताना चिठ्ठीवरच्या 1-0-1 वर, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक यावर, विसंबू नकोस. आपला पेशंट सातपूर-अंबडच्या कारखान्यात नाइट शिफ्ट करणारा असेल तर त्याची सकाळ आपल्या संध्याकाळी होते. कांदा घेऊन लासलगावला पहाटे निघालेला शेतकरी नाश्ता करतोच असं नाही, आणि ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी निघाला तर ट्रॅक्टरवरच साखर उतरेल. आधी त्याचा दिवस विचार: उठता कधी, पहिला चहा कधी, भाकरी कधी? मग गोळी त्या चहाला, त्या भाकरीला बांधून दे. थायरॉइडची गोळी मात्र चहाच्याही आधी, नुसत्या पाण्यासोबत, आणि लोह-कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब.

उपवासाचं न विचारता कुणी सांगत नाही. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, चैत्रात सप्तशृंगी गडाला पायी जाणारे, मालेगावकडचे रोजे ठेवणारे. बहुतेक जण त्या दिवशी एकतर सगळ्या गोळ्या सोडतात किंवा सगळ्या घेतात. दोन्ही चूक. बीपीची चालू राहते, साखर उतरवणाऱ्या गोळ्या आणि इन्सुलिनची मात्रा बदलावी लागू शकते, आणि ती बदलणं तुझं काम नाही. तुझं काम म्हणजे उपवास आधी हुडकून काढणं आणि राउंडला डॉक्टरांसमोर तो विषय काढणं: 'सर, हे नवरात्राचे नऊ दिवस धरतात.' आपण बोललो नाही तर पेशंट डॉक्टरांना हे सांगणार नाही, रागावतील या धाकाने.

डिस्चार्जआधी पिशवी पलंगावर उपडी करायला लाव. सरकारी दवाखान्यातली बीपीची टेल्मिसार्टन, खाजगी डॉक्टरांनी दिलेली तीच गोळी कंपनीच्या नावाने, आणि जनऔषधीमधून आणलेली तिसरी. रंग तीन, गोळी एकच, आणि माणूस तिन्ही घेतोय, चक्कर येते म्हणून चौथ्या डॉक्टरकडे जातोय. पट्टीवरच्या रासायनिक नावाखाली पेनाने रेघ मार आणि सांग, 'हे नाव ज्या ज्या पट्टीवर दिसेल त्यातली एकच घ्यायची.' वाचता येत नसेल तर जादाच्या पट्ट्या नातेवाइकाच्या हाती वेगळ्या काढून दे, डॉक्टरांना विचारून. कापलेल्या पट्टीवर नाव आणि एक्सपायरी दोन्ही गेलेलं असतं, म्हणून मेडिकलमधून कापून आणली तरी नावाचा तुकडा मागून घ्यायला शिकव. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या सापडल्या तर नुसतं 'फेकून द्या' म्हणू नकोस. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि महिनोन्महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबलं की माणूस कोसळू शकतो. पुडी डॉक्टरांना दाखव.

काही औषधांत एकाच चुकीने जीव जातो, तिथे बाकी सगळं सोडून तेवढंच सांग. संधिवाताचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. 'वीकली' असं लिहून उपयोग नाही, वार ठरव आणि 'फक्त बुधवार' असं पट्टीवर मराठीत लिही. फॉलिक ॲसिडचा वार वेगळा. रोटाकॅप्स, म्हणजे दम्याच्या औषधाची पूड भरलेल्या, मशीनमधून श्वासाने ओढायच्या कॅप्सूल, गिळायच्या नसतात. हे हास्यास्पद वाटेल, पण कॅप्सूल दिसली की माणूस पाण्यासोबत गिळणारच, त्याचं काय चुकलं? म्हणून मशीन त्याच्या हातात देऊन तुझ्यासमोर ओढायला लाव आणि नंतर चूळ भरायला सांग.

कळवण-बागलाणकडची आजी अहिराणीत बोलत असेल आणि तुला ती येत नसेल तर वॉर्डातल्या मावशींना हाक मार, त्यांना लाजू नकोस. आणि घरात गोळ्या काढून देणारं माणूस कोण ते शोध. बऱ्याचदा ती सून किंवा शाळकरी नात असते, आणि आपण सगळं सांगतो शेजारी उभ्या असलेल्या मुलाला, जो उद्या पुण्याला निघून जाणार असतो.

अभ्यासाचं विचारलं नाहीस, तरी सांगते. पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा काढू नकोस. तुझ्या वॉर्डाच्या ट्रॉलीत सगळ्यात जास्त फिरणारी पंधरा-वीस औषधं घे, प्रत्येकाला वहीचं अर्धं पान दे. वर एक ओळ: शरीरात काय करतं. खाली पेशंटला सांगायची दोन वाक्यं, त्याच्या बोलीत. ते पान वॉर्डातल्या सिनियरला किंवा फार्मासिस्टला दाखवून घे. पेशंटने विचारलेलं जे आलं नाही ते त्याच पानाच्या कोपऱ्यात लिही, 'विचारून सांगते' म्हण आणि संध्याकाळच्या राउंडला खरंच जाऊन सांग.